कोन बदलायच्या आधी कॉइल समजून घे

भाऊ, स्पीकर दुरुस्तीला बसायच्या आधी आवाज निघतो कुठून ते नीट बघ. चुंबकाच्या अरुंद गोल फटीत तांब्याच्या तारेची कॉइल असते, कोनाला, म्हणजे समोरच्या शंकूसारख्या पडद्याला, चिकटलेली. ॲम्प्लिफायरचा प्रवाह एका दिशेने गेला की ती पुढे ढकलली जाते, उलटला की मागे. हे सेकंदाला 100 वेळा झालं तर कोनही तितक्याच वेळा हलतो, हवा हलवतो. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. तूही 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघ: धन टोक लाल टर्मिनलला, कोन बाहेर आला पाहिजे. शेजारच्या स्पीकरचा कोन तसाच सेल लावून आत गेला, तर दोघं एकमेकांच्या उलट हलतात आणि बास, म्हणजे खालचा जाड आवाज, मरतो.

दिलेल्या विजेतला जेमतेम एक-दोन टक्के भाग आवाज होतो, बाकीची वीज कॉइल तापवते. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात हवाच 45 अंशांच्या घरात. कॉइल 100 अंशांनी तापली की तांब्याचा रोध सुमारे 39 टक्के वाढतो आणि आवाज दबतो. हळदीत पोरं मग व्हॉल्यूम अजून चढवतात. माझे दोन वुफर (बासचे स्पीकर) असेच जळाले, अजून जीव हळहळतो.

काळ्या रानातली धूळ फटीत गेली की खरखर लागते. डस्ट कॅप, म्हणजे कोनाच्या मधली टोपी, फाटली तर त्याच दिवशी बदल. आणि हो, 8 ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण 6 दाखवतो. तो खराब समजून फेकू नकोस.