गुपिताला राखणदार लागतो

प्रश्न असा आहे: "एका कादंबरीची ओळख लिहिते आहे. आईनं मुलीला तिच्या वडिलांबद्दल वर्षानुवर्षं खोटं सांगितलंय. मावशीला खरं माहीत आहे, पण ती गप्प. वाचकाला ते तिसऱ्याच प्रकरणात कळतं आणि मुलीला अगदी शेवटी. मी 'कौटुंबिक रहस्यमय कादंबरी' असं लिहिलं, पण वाचताना खटकतंय. रहस्य, गुपित, गूढ यांतलं काय वापरू? सस्पेन्सला मराठीत काय म्हणायचं? आईनं जे केलं ती फसवणूक की प्रतारणा? आणि मुलगी शेवटी सगळं चव्हाट्यावर आणते, तिला घरभेदी म्हटलं तर चालेल का?"

तुम्हाला खटकलं ते योग्यच. आधी 'कौटुंबिक' बघू. कलह, हिंसाचार, न्यायालय यांच्या आधी आलं की हे विशेषण गंभीर असतं. पण चित्रपट, नाटक, कादंबरी यांच्या आधी आलं की त्याचा सूर पालटतो. 'कौटुंबिक चित्रपट' म्हणजे लहानथोरांनी एकत्र बसून निर्धास्त पाहावा असा चित्रपट. त्यामुळे 'कौटुंबिक रहस्यमय कादंबरी' वाचून एखाद्याला वाटेल की ही घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायची हलकीफुलकी रहस्यकथा आहे. तुम्हाला म्हणायचंय नेमकं उलट. इथं 'घर' हा साधा शब्द कामाला येतो. घरभेदी, घरकोंबडा, घरफोडी, घरधनी असे किती तरी समास मराठीनं या शब्दावर उभे केलेत आणि त्यांतले बरेचसे गोड नाहीत.

आता मुख्य गोष्ट. रहस्य आणि गुपित हे शब्द कोशात एकमेकांच्या अर्थासारखे दिलेले असले तरी वापरात ते वेगळे आहेत, आणि तुमच्या कादंबरीचा सगळा जीव त्या वेगळेपणात आहे.

'रहस्य' आला 'रहस्' या शब्दावरून. रहस् म्हणजे एकांत. मुळाशी 'रह्' हा सोडणं, वेगळं होणं अशा अर्थाचा धातू आहे. रहित आणि विरह हे शब्द त्याच घरचे. एकांतात सांगण्यासारखं, चारचौघांपासून दूर असलेलं ते रहस्य. म्हणून या शब्दाला मुळात भीतीचा किंवा गुन्ह्याचा वास नव्हता. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला 'रहस्यं ह्येतदुत्तमम्' म्हणतो तेव्हा तो काही दडवत नसतो, उलट सांगत असतो. लोकमान्यांनी १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध केलं त्यातलं रहस्यही 'मर्म' या अर्थाचं. खून, वाडा, मध्यरात्र हा सगळा संसार या शब्दाभोवती नंतर रहस्यकथांनी मांडला. तरीही एक जुनी खूण शिल्लक आहे: रहस्य कुणी दडवलेलंच असायला हवं असं नाही. विश्वाचं रहस्य, जीवनाचं रहस्य, यशाचं रहस्य असं आपण सहज बोलतो. ते नुसतं असतं, आणि कुणी तरी ते शोधायला निघतं.

आता 'विश्वाचं गुपित' म्हणून पाहा. लगेच वाटतं की कुणी तरी ते मुठीत धरून बसलंय. गुपिताला माणूस लागतो. 'तिचं गुपित', 'त्यांच्या घरातलं गुपित', 'आमच्या दोघींचं गुपित'. षष्ठीशिवाय हा शब्द अवघडून उभा राहतो.

याचं कारण त्याच्या जन्मात आहे, आणि मला या शब्दाबद्दल जे अपार प्रेम आहे तेही त्यामुळेच. गुपित हा 'गुप्' धातूपासूनचा शब्द. आणि गुप् चा मूळ अर्थ लपवणं हा नव्हेच. रक्षण करणं हा आहे. चंद्रगुप्त म्हणजे चंद्रानं रक्षिलेला, चंद्रामागे दडलेला नव्हे. भाषेचे अभ्यासक तर हा धातूच 'गोपा' म्हणजे गाईंचा राखणदार या शब्दावरून मागाहून घडला असं मानतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पंच्याऐंशीवं सूक्त आहे, सूर्येच्या विवाहाचं. त्याच्या चौथ्या ऋचेत सोमाबद्दल म्हटलंय: 'आच्छद्विधानैर्गुपितो बार्हतैः सोम रक्षितः'. गुपित आणि रक्षित, एकाच ओळीत, जवळजवळ एकाच अर्थानं. आणि आज आपण काय म्हणतो? 'गुपित राखलं.' राखणं हे रक्ष् चंच मराठी रूप. म्हणजे त्या ऋचेतली जोडी मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी आजही एकमेकींना धरून आहे. ज्याला आपण लपवलेलं म्हणतो त्याला भाषा अजून राखलेलं म्हणते.

तुमच्या कादंबरीतल्या आईला विचारा. 'मी लपवलं' असं ती म्हणणार नाही. 'मी तुला जपलं' असंच म्हणेल. तिची बाजू 'गुपित' या शब्दाच्या पोटातच आहे, ती 'रहस्य'मध्ये नाही.

आणि दुसरी बाजूही त्याच धातूत आहे. गुप् पासूनच 'जुगुप्सा' झाला: स्वतःला एखाद्या गोष्टीपासून वाचवावंसं वाटणं, मग दूर सरणं, मग किळस. पाणिनीनं या रूपासाठी वेगळं सूत्र दिलंय. शिवाय मराठीत 'गुप्ती' आहे: काठीत दडवलेलं धारदार पातं. वरून आधाराची काठी, आतून शस्त्र. राखणं, किळस आणि काठीतलं पातं हे तिन्ही एकाच कुळातले. घरातल्या लपवाछपवीवर कादंबरी लिहिणाऱ्यांना जे शंभर-शंभर पानं घालून उभं करावं लागतं ते या एका धातूत आहे, असं मला मनापासून वाटतं.

क्रियापदं पाहिलीत तर फरक आणखी स्वच्छ होतो. रहस्य उलगडतं, म्हणजे ते घडी घातलेलं असतं. घडीमागून घडी उघडत जायची. गुपित फुटतं, म्हणजे ते भरलेलं असतं आणि फुटलं की पुन्हा भरता येत नाही. रहस्याचा छडा लावतात, गुपिताची कुणकुण लागते. छडा बाहेरून आलेला माणूस लावतो, कुणकुण घरातल्यालाच लागते. 'बिंग'ही फुटतंच, पण बिंग नेहमी वाईट गोष्टीचं. बिंग म्हटलं की बोलणाऱ्यानं निकाल दिलेला असतो, गुपित म्हणताना तो अजून ऐकून घेत असतो. 'गौप्यस्फोट' वर्तमानपत्रांसाठी ठेवावा. आईनं अंथरुणाला खिळलेली असताना मुलीचा हात धरून सांगितलेल्या गोष्टीला तो शब्द लावू नये.

गूढ वेगळं. तो 'गुह्' म्हणजे झाकणं या धातूचा. गुहा आणि गुह्य ही त्याची भावंडं. गूढाचा उलगडा व्हायलाच हवा असं बंधन नाही, म्हणून गूढकथा शेवटी मोकळी सुटू शकते. तुमच्या कादंबरीत शेवटी सगळं कळतं, तेव्हा गूढ नको.

'गुपित' हा शब्द समीक्षेत हलका वाटतो, शाळकरी मुलींच्या कुजबुजीतला वाटतो, अशी एक शंका येऊ शकते. 'रहस्य' भारदस्त, म्हणून लिहिताना हात तिकडे जातो. मला हे पटत नाही. महाभारतातलं सर्वांत जड ओझं कुठलं? कर्णाचा जन्म. आणि ते रहस्य नाही, गुपित आहे. श्रोत्याला ते आदिपर्वातच सांगून टाकलेलं असतं. पुढे कृष्ण ते कर्णाला सांगतो, कुंती स्वतः गंगेकाठी जाऊन सांगते, आणि कर्ण कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. माहीत असलेल्यांची संख्या वाढत जाते. ज्यांना कळायला हवं ते पाच भाऊ मात्र कोरे राहतात. युद्ध संपल्यावर, जलांजली देताना, कुंती बोलते. त्यावर युधिष्ठिराचा शाप काय, तर यापुढे स्त्रियांना गुह्य धारण करता येणार नाही. जिनं ते आयुष्यभर एकटीनं पेललं तिच्यामुळे हा शाप सगळ्यांना मिळावा, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

शाकुंतलातही तेच. दुर्वासाचा शाप प्रियंवदा आणि अनसूया ऐकतात आणि शकुंतलेला सांगायचं नाही असं ठरवतात. कारण अनसूयाच देते: 'रक्षितव्या खलु प्रकृतिपेलवा प्रियसखी'. सखी मुळातच नाजूक, तिला जपायला हवं. पुन्हा रक्षण! आणि त्या जपण्यातूनच पुढचा सगळा घात होतो, कारण अंगठीचं मोल तिला ठाऊकच नसतं.

इथूनच तुमच्या सस्पेन्सकडे येता येतं. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला सगळं माहीत आहे, तरी जीव खालीवर होतो. 'आता काय निघणार' ही ओढ तिथं नाही. 'हिला कधी कळणार, आणि कळल्यावर हिचं काय होणार' ही आहे. सस्पेन्स हा शब्द लॅटिनमधल्या लटकवणं, टांगून ठेवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. कार्यालयात सस्पेंड केलेल्याला आपण निलंबित म्हणतो, त्यातही 'लम्ब्' म्हणजे लोंबणंच आहे, पण तो शब्द आता फायलींत अडकला. 'उत्कंठा' लोक सुचवतात. चांगला शब्द आहे, मान उंचावून वाट पाहण्याचं चित्र त्यात आहे. पण उत्कंठेत ओढ आहे, धास्ती नाही. प्रिय माणसाच्या पत्राचीही उत्कंठा असते. मराठीनं नेमकं तेच टांगण्याचं चित्र कुणाचं उसनं न घेता केव्हाच काढून ठेवलंय: जीव टांगणीला लागणं. तुमच्या लेखात नाम हवं असेल तर सस्पेन्स खुशाल वापरा, तो आता सगळ्यांना कळतो. वर्णन करायचं असेल तर 'जीव टांगणीला लावणारी' याला तोड नाही.

या जातीच्या कादंबऱ्यांना काय म्हणायचं हा प्रश्न इंग्रजीलाही पडत आलाय. १८६०च्या दशकात तिकडे घरातली दडवलेली लग्नं, बदललेली नावं, अनौरस मुलं यांच्या कादंबऱ्यांना 'सेन्सेशन नॉव्हेल' म्हणत. अलीकडे, २०१३मध्ये, ज्युलिया क्राउच या लेखिकेनं 'डोमेस्टिक नॉयर' हे नाव दिलं आणि ते रूढ झालं. नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. एक नाव वाचकाला बसणाऱ्या धक्क्यावरून, दुसरं काळोखावरून. मराठीत मी 'घरगुपित' असा समास करून पाहीन. 'घरगुपिताची कादंबरी' हे कानाला नवं आहे, पण अडखळत नाही आणि समजावून सांगावं लागत नाही.

(जाता जाता: 'कादंबरी' हे नावच आपण बाणभट्टाच्या ज्या कृतीवरून घेतलं, तिच्यात कोण कुठल्या जन्मी कोण होतं हे शेवटापर्यंत राखून ठेवलेलं आहे. आपल्या भाषेत या साहित्यप्रकाराच्या नावातच ही टांगणी आहे.)

आता आईच्या वागण्याला काय म्हणावं. 'फसवणूक' तिच्यासाठी कोरडा पडतो. तो फसण्यावरून आला, चिखलात चाक फसतं तसं. आणि रोजच्या वापरात त्याला पैशाचा आणि गुन्ह्याच्या नोंदीचा वास लागलाय. 'प्रतारणा'मध्ये 'तॄ' म्हणजे तरून जाणं आहे. संस्कृतात प्रतारण म्हणजे पलीकडे नेणं आणि फसवणंही. नावेत विश्वासानं बसवावं आणि भलत्याच तीरावर उतरवावं, असं काहीसं. मराठीत मात्र तो पतिपत्नी, प्रियकर-प्रेयसी यांच्या नात्यात जास्त रुळला. मावशीच्या नवऱ्याचं काही प्रकरण कादंबरीत असेल तर तिथं ठेवा. 'धोका' नकोच. हिंदीच्या प्रभावानं 'धोका दिला' असं ऐकू येतं, पण मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता. 'आईचा धोका' वाचून वाचक आईच्या जिवाला काही झालं की काय असं समजेल. 'केसानं गळा कापणं' हा वाक्प्रचार घरातल्या विश्वासघातासाठी अप्रतिम आहे, पण त्यात डाव हवा. तुमच्या आईकडे डाव दिसत नाही.

माझं मत 'वंचना'. वञ्च् म्हणजे मुळात वाकडंतिकडं चालणं. वक्र त्याच कुळातला मानतात. सरळ रस्ता टाळून वळसे घेत राहणं, हेच आई करत आली. आणि याच धातूचा 'वंचित' आधी 'फसवला गेलेला' होता, मग 'मुकलेला' झाला. मुलगी दोन्ही अर्थांनी तशी आहे: तिला खोटं सांगितलं गेलं आणि ती वडिलांना मुकली. आईनं स्वतःही त्या खोट्यावर हळूहळू विश्वास ठेवला असेल, तर 'आत्मवंचना' हा शब्द तुम्हाला तयारच मिळतो.

राहिला 'घरभेदी'. जपून वापरा. या शब्दाच्या आत घर बसलंय आणि ते रागावलेलं आहे. बिभीषणाला घरभेदी कोण म्हणेल? लंकेतला माणूस, रामाच्या गोटातला कशाला म्हणेल? तुम्ही स्वतः लेखिका म्हणून मुलीला घरभेदी म्हटलंत तर तुम्ही मावशीच्या शेजारी जाऊन बसलात. तो मावशीच्या तोंडी द्या. तुमचं वाक्य मी असं लिहीन: "आईनं राखलेलं एक घरगुपित वाचकाला तिसऱ्या प्रकरणातच कळतं, आणि मग ते मुलीला कधी कळणार या विचारानं शेवटच्या पानापर्यंत त्याचा जीव टांगणीला लागतो, ते फुटतं तेव्हा मावशीच्या लेखी मुलगी घरभेदी ठरते."