डॉमिनिकबद्दल बोलायला उभी राहशील तेव्हा

प्रिय बाय,

1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमात डॉमिनिक डिसोझांबद्दल बोलायचं तू ठरवलंस, याचं मला फार समाधान आहे. तुझा मसुदा वाचला. त्यात आजार आहे, आईचं दुःख आहे, समाजाची भीती आहे. कायदा मात्र कुठंच नाही. तो घाल, कारण डॉमिनिकला कोंडलं ते कायद्यानं.

गोव्यातल्या पर्रा गावचा हा तरुण रक्तदान करायचा. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला आणि फेब्रुवारी 1989 मध्ये पोलिसांनी त्याला नेलं. काय झालंय हे त्याला आधी कुणी धड सांगितलंही नाही. म्हापशात क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत त्याला 64 दिवस एकटं ठेवलं. गुन्हा काही नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तसं कलमच घातलेलं होतं, की एचआयव्ही आढळला की माणसाला अलग ठेवायचं. हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा विषाणू पसरत नाही, हे तेव्हा जगाला माहीत झालेलं होतं. म्हणून ‘तेव्हा कुणाला काही कळत नव्हतं’ हे तुझं वाक्य काढून टाक. ते खरं नाही आणि त्यानं सगळेच सुटतात.

त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. वकील आनंद ग्रोव्हर होते. न्यायालयानं ते कलम रद्द केलं नाही, हेही स्पष्ट सांग. आपल्याला जिंकल्याच्या गोष्टी आवडतात, पण इथं निकाल विरोधात गेला. मात्र एवढा गाजावाजा झाला, की सरकारला कायदा बदलावा लागला आणि अलग ठेवण्याची सक्ती गेली. सुटून आल्यावर डॉमिनिक गप्प बसला नाही. स्वतःच्या नावानं, चेहरा न लपवता तो बोलत राहिला. इझाबेल सांता रिता वाझ यांच्या साथीनं त्यानं ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. मे 1992 मध्ये तो गेला. गुणकारी औषधांचं मिश्रण जगात आलं 1996 च्या सुमारास, आणि भारतात सरकारनं ती मोफत द्यायला सुरुवात केली 1 एप्रिल 2004 ला. या तारखा एकामागून एक वाच, मध्ये काही बोलू नकोस. ऐकणाऱ्यांना हिशेब आपोआप कळेल.

आता जरा नाजूक गोष्ट. मी वॉर्डात काम करत होते तेव्हा खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर लाल शाईनं ‘एचआयव्ही’ अशी ठळक अक्षरं लिहिलेली असत. भेटायला येणारा शेजारी आधी तो कागद वाचायचा, मग पेशंटच्या तोंडाकडे बघायचा. चहाचा कप वेगळा, चादर वेगळी. काही घरची माणसं दारापर्यंत येऊन डबा ठेवून परत जायची. तो कागद माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही, आणि म्हणूनच तुला बजावते: तुझ्या वाड्यावरच्या ज्या कुटुंबाबद्दल लिहिलंयस, तो परिच्छेद गाळ. नाव दिलं नाहीस तरी चर्चच्या मागचं घर म्हटल्यावर बार्देशात कुणाला कळायचं राहील? डॉमिनिकनं आपलं नाव स्वतः जगापुढे ठेवलं. या माणसांनी तुला तशी परवानगी दिलेली नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानंही विश्वासानं सांगितलेली कुणाची अशी माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे. त्यांना विचार. नाही म्हणाले तर विषय संपला, पुन्हा आग्रह करू नकोस.

वास्कोचं बायना, तिथली वेश्यावस्ती, ट्रकवाले यांवर भाषणात जी दोन-तीन वाक्यं आहेत ती मला खटकली. ‘त्यांच्यामुळे पसरला’ असा सूर त्यात येतो. पहिल्यापासून लोकांनी हेच केलं, बोट दाखवायला कुणीतरी शोधलं. तू ते करू नकोस.

प्रश्न येतील. एखादा काका उठून म्हणेल, ‘आता हे उकरून कशाला काढायचं?’ रागावू नकोस. नोकरीवरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं, उपचार टाळणं, या सगळ्यावर 2017 च्या त्याच कायद्यानं बंदी आहे, आणि बंदी घालावी लागली ती हे सगळं होत होतं म्हणून, एवढं त्यांना शांतपणे सांग.

सुधारलेला मसुदा रविवारच्या आत पाठव. कलमांची छापील प्रत मी काढून ठेवते. संध्याकाळी ये, बसून वाचू.

तुझी,
मावशी