कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. कोणता कॅमेरा भाड्याने घ्यावा?

तुमच्याकडे पंधरा हजार रुपये आहेत, पाच जणांची टीम आहे आणि सेमिस्टर संपायला दोन महिने आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझा सल्ला ऐकाल तर कॅमेरा भाड्याने घेऊच नका. पाचांपैकी ज्याचा मोबाइल सगळ्यांत चांगला असेल त्यावर शूट करा आणि वाचलेले पैसे आवाजावर घाला.

मी पुण्यात एडिटिंग करतो. परीक्षा जवळ आल्या की मास कॉमची मुलं हार्ड डिस्क घेऊन येतात. चित्र बहुतेकांचं छान असतं, आवाज लावला की चेहरे उतरतात. मध्यंतरी एका फिल्ममध्ये झेड ब्रिजवरचा प्रसंग होता. कठड्याला टेकून उभे भाऊ-बहीण, मावळतीचा उजेड, आणि ती त्याला सांगते की राहतं घर विकायचं ठरलंय. त्या मुलीने काम फार मनापासून केलं होतं. पण ऐन वाक्यात मागून गाडी गेली आणि ‘विकायचं’ हा शब्दच बुडाला. माइक कॅमेऱ्यावर, कॅमेरा आठ-दहा फुटांवर, त्यामुळे पोरीपेक्षा रस्ताच जास्त रेकॉर्ड झालेला. नंतर डबिंग केलं. शब्द कळायला लागले, पण बोलण्याआधी तिने घेतलेला श्वास काही परत आला नाही. आणि प्रसंग उभा होता तो त्या श्वासावर.

कारण साधं आहे. माइक आणि बोलणारा यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घसरते. रस्त्याचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणजे माइक किती महागडा आहे यापेक्षा तो तोंडाच्या किती जवळ आहे हे महत्त्वाचं. एक रेकॉर्डर, काठीवर लावलेला एक शॉटगन माइक (समोरचाच आवाज जास्त पकडणारा लांबट माइक) आणि दोन कॉलर माइक एवढं भाड्याने घ्या. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडून रेकॉर्ड करा. प्रत्येक टेकला क्लॅप द्या, पाटी नसेल तर हाताने टाळी वाजवा. एडिटला चित्र आणि आवाज जुळवताना तीच टाळी कामाला येते. पाचांपैकी एकाने फक्त आवाजच सांभाळायचा. हेडफोन त्याच्या कानावर असतील, आणि तो ‘पुन्हा घेऊ’ म्हणाला की दिग्दर्शकाने हुज्जत न घालता पुन्हा घ्यायचं.

लोकेशन बघायला जाल तेव्हा ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा आणि डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका. सकाळी शांत वाटणाऱ्या गल्लीत दुपारी शाळा सुटते, शेजारी फरशी कापायचं मशीन सुरू असतं, वरच्या मजल्यावर कुकर लागतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद कराल तेव्हा गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायची आठवण होईल. लोकांनी आपलं घर विश्वासाने दिलेलं असतं. आणि निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांमधली फट भरायला एडिटर तोच वापरतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी ऐकू येते, त्यामुळे दुसरीकडची आणून चालत नाही.

मोबाइलचं म्हणाल तर ऑटो सगळं बंद करा. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा, नाहीतर पात्र हललं की भिंतीचा रंग बदलतो. सेकंदाला २५ फ्रेम्स आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली या आकड्यांवर चित्र लुकलुकत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका. बाकी खिडकीचा उजेड आणि तो चेहऱ्यावर परतवायला थर्माकोलची पांढरी शीट, एवढ्यावर भागतं.

आता कथेबद्दल. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) शिकत असताना केलेली ‘गिरणी’ ही शॉर्टफिल्म नक्की पाहा. आई घरात दळणाची गिरणी आणते आणि तिच्या घरघरीने मुलाचं जगणं बदलून जातं. तिथे आवाज कथेतच आहे. तुम्हीही लिहायला बसण्याआधी हाताशी काय आहे ते बघा. कोणाच्या मावशीचं रिकामं घर, काकांचं प्रिंटिंगचं दुकान, हॉस्टेलची मेस. त्या जागेतून गोष्ट काढा. पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, म्हणून दहा मिनिटांसाठी आठच पानं लिहा. पडद्यावर माणसं कागदापेक्षा सावकाश जगतात. दोन पात्रं, एक-दोन जागा पुरेत. पाठलाग, पाऊस, लग्नाची वरात असलं काही घालू नका.

तालमीला पैसे लागत नाहीत, त्या भरपूर करा, आणि शक्यतो शूटच्याच जागेत. शॉट डिव्हिजन, म्हणजे कोणता प्रसंग कोणकोणत्या शॉट्समध्ये घ्यायचा ते, कागदावर उतरवूनच सेटवर जा. बरीच टीम सेटवर पोचल्यावर शॉट ठरवायला बसते, त्यात उजेड निघून जातो आणि क्लायमॅक्स घाईघाईत उरकावा लागतो. म्हणून सगळ्यांत अवघड प्रसंग पहिल्या दिवशी सकाळी ठेवा, सगळे ताजे असताना. जेवणावर काटकसर करू नका. मित्र फुकट राबणार आहेत, त्यांना वेळेवर गरम खायला घाला.

सिनेमातलं गाणं मागे लावू नका. हक्क नसतील तर फेस्टिव्हलला फिल्म पाठवता येत नाही आणि यूट्यूबवरही कॉपीराइटचा दावा येतो. कॉलेजात कोणी पेटी किंवा बासरी वाजवत असेल तर त्याला विचारा, आणि लेखी परवानगी घ्या.

शूटच्या रात्री फुटेज आणि आवाज दोन हार्ड डिस्कवर उतरवा. त्या दोन वेगळ्या घरी राहू द्या. दोन्हीकडच्या फाइल्स उघडून, चालवून बघितल्याशिवाय मोबाइल आणि रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करू नका.