‘बॅम्बी’ परत बघताना

लेकरांना दाखवायच्या आधी तू एकदा एकट्यानं बघ. बॅम्बी नावाच्या हरणाच्या पाडसाचा, डिस्नेचा १९४२ चा कार्टून सिनेमा, जेमतेम सत्तर मिनिटांचा. बॅम्बीच्या आईचा प्रसंग नीट बघ: मरण पडद्यावर दाखवलेलंच नाही, फक्त गोळीचा आवाज येतो. शिकारी माणूसही अख्ख्या सिनेमात कुठं दिसत नाही. लहानपणी आपण नुसतं रडतो. ते न दाखवण्यातलं बळ आता कळतं. सिनेमाचे चित्रकार टायरस वाँग यांच्या शैलीतलं, धुक्यात विरघळणारं जंगल मधेच थांबवून बघ. चित्रकारांनी स्टुडिओत खरी हरणं आणून अभ्यास केला होता. तू तर बीडचा, ज्वारीच्या वावरात काळविटांचे कळप बघितलेला. पाडसाचे लटपटते पाय, कान टवकारणं ताडून बघ. गाणी मला जरा जास्तच गोड वाटतात, पण वणव्याचा भाग मोठ्या आवाजातच ऐक.