चोपड्यात राहणाऱ्या वडिलांच्या साखरेचे आकडे विमा कंपनीच्या ॲपवर जातात. त्यावरून क्लेम अडेल का?

नाही, साखर चढलेली दिसली एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही. मात्र पॉलिसी घेताना फॉर्मवर मधुमेह लिहिलेला हवा आणि त्याचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचे क्लेम मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, संपलेला हवा. ग्लुकोमीटरचे आणि घड्याळातल्या पावलांचे आकडे कंपन्या मुख्यतः नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यात सूट द्यायला वापरतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० च्या वेलनेस (आरोग्य जपण्याबाबतच्या) सूचनांत त्याला मुभा दिली होती. काही ठिकाणी उपाशीपोटीची साखर सतत दोनशेच्या वर दिसली की डॉक्टरांचा फोनही येतो. तो टाळू नका, ॲडमिट व्हायची वेळ त्यानेच टळू शकते. फक्त हप्त्यातल्या सवलतीपायी मे महिन्याच्या उन्हात वडिलांना पावलं मोजायला पाठवू नका. खान्देशात तेव्हा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पहाटेच चालू द्या.