इंग्लंडमध्ये आईबाबांना घेऊन स्टोनहेंज-बाथ बघायचंय, जुन्या गावातल्या छोट्या हॉटेलात राहावं की बाथमधल्या चेन हॉटेलात?

जुन्या गावातच राहा. बाथमध्ये राहून गाडीने सगळं उरकता येतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्यात माझा मेहुणा पहिला.

आमच्या बाबांचा कराडला फोटो स्टुडिओ होता. लहानपणी त्यांच्या शर्टाला कायम हायपोचा (फोटो धुवायच्या रसायनाचा) वास यायचा. डिजिटल आल्यावर दुकान बंद केलं ते पुन्हा कॅमेऱ्याला हात नाही लावला. म्हणून ते इकडे आले तेव्हा मी हट्टाने लेकॉकमध्येच खोली घेतली. विल्टशरमधलं एवढंसं गाव, 1944 मध्ये मटिल्डा टॅल्बटबाईंनी अ‍ॅबीसकट (म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठासकट) नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. अ‍ॅबी 1232 ची, आणि तिच्याच एका खिडकीची फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॅल्बटने 1835 मध्ये निगेटिव्ह काढली, कॅमेऱ्याने काढलेली आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह तीच, आकार जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा.

पहिली रात्र मात्र फजितीची. एम फोर हायवेवर ट्रॅफिक, पोचलो सव्वानऊला आणि किचन नऊलाच बंद. जिना अरुंद, लिफ्ट नाही (लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतल्या बिल्डिंगमध्ये परवानगीशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही, लिफ्ट कुठली), बाबांचं डोकं तुळईला दोनदा आपटलं, आणि जमीन एवढी उतरती की आईचा थर्मास घरंगळत कपाटाखाली गेला. नळ दोन वेगळे, एकात चटका एकात बर्फ. शेवटी पलंगावर पेपर पसरून आईच्या दशम्या नि लसणाची चटणी खाल्ली. मग आईने मेहुण्याला फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं. तेव्हापासून तो दर दिवाळीत म्हणतो, "एका खिडकीसाठी एवढे पैसे घातलेस."

पहाटे साडेपाचला बघतो तर बाबा खोलीत नाहीत! धावत बाहेर आलो तर रस्ता अख्खा रिकामा, वर विजेच्या तारा नाहीत, आणि हे चर्चच्या बाजूला उभे राहून दगडी भिंतीवर ऊन कसं सरकतं ते बघतायत. बसने दुपारी येणाऱ्याला हे मिळत नाही, त्याला आइस्क्रीमची रांग मिळते.

अ‍ॅबी उघडल्यावर ते त्या खिडकीसमोर गेले आणि चक्क तावदानं मोजायला लागले. टॅल्बटने लिहून ठेवलंय की भिंगातून बघितलं तर निगेटिव्हमध्ये सुमारे 200 काचा मोजता यायच्या. मी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला, सगळा काळा आला. "उजेडाच्या तोंडावर माणूस उभा करतात होय रे?" म्हणून माझा फोन हिसकावून घेतला आणि मग दिवसभर तेच फोटो काढत होते. मेहुण्याला हे किती वेळा सांगितलं, त्याला फक्त थर्मास आठवतो.

तुमच्या स्टोनहेंजबद्दल, जवळ नाही, गाडीने पाऊण-एक तास. नेहमीच्या तिकिटावर दोरीबाहेरून बघायचं. त्यापेक्षा एव्हबरीला जा, तिथेही तसंच पुरातन दगडांचं वर्तुळ आहे, दगडांना हात लावता येतो आणि वर्तुळाच्या आतच गाव आहे.

आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर मात्र तळमजल्याची खोली आहे का ते आधी विचारा, नसेल तर जाऊ दे, मेहुणा बरोबर. गाडी हवीच. आणि किचन किती वाजता बंद होतं ते बुकिंगच्या वेळीच फोन करून विचारा, मी नव्हतं विचारलं.