स्लश मशीन घ्यायचं की नाही? आधी ग्लास मोजूया

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरात चौघं, मुलं ५ आणि ९ वर्षांची, उन्हाळ्याच्या १६ आठवड्यांत आठवड्यातून दोनदा सगळे बाहेर स्लश (अर्धवट गोठलेलं, भुग्यासारखं गोड सरबत) पिता, म्हणजे सीझनला १२८ ग्लास. बाहेरच्या १६० ग्लासांच्या पैशात घरगुती मशीन येतंय, तेही बिनव्याजी हप्त्यांवर, म्हणून सव्वा सीझनमध्ये पैसे वसूल आणि पुढे सगळं फुकट असा तुमचा हिशोब. वर पार्ट्यांना भाड्यानं देऊन चार पैसे सुटले तर बरंच. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, क्रेडिट कार्डाची "थोडीशी" बाकी काही महिने पुढे ढकलतोय असंही लिहिलंय.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करणार, कारण माझ्या लेखी खरा प्रश्न तिथेच आहे. कार्डाची बाकी पूर्ण न भरता अशी पुढच्या महिन्यात फिरवणं म्हणजे सामान्य माणसाला मिळणाऱ्या सगळ्यात महाग कर्जांपैकी एक, आणि बाकी फिरत असताना नवीन खरेदीवर बिनव्याजी मुदत बहुतेक ठिकाणी मिळतच नाही, म्हणजे त्याच कार्डावर साखरेची पिशवी घेतली तरी पहिल्या दिवसापासून व्याज. तर आधी ती बाकी शून्य करा, मशीनचं नंतर बघू. बिनव्याजी हप्त्याबद्दलही एक विचारून बघा की "रोख दिले तर किती कमी कराल?" जी सूट सांगतील ती तुमच्या हप्त्यातलं लपलेलं व्याज समजा, आणि प्रोसेसिंग फी असेल तर तीही त्यात धरा.

आता वसुलीकडे. तुम्ही १६० ला १२८ नी भागलंत, इथे दोन गोष्टी सुटल्या. घरचा ग्लास फुकट नसतो, साखर, रस किंवा सिरप, थोडी वीज, सगळं धरून बाहेरच्या ग्लासाच्या पाचवा हिस्सा तरी जातोच असं मानू. म्हणजे एका ग्लासामागे वाचतात शंभरातले ऐंशी, आणि वसुलीला १६० नाही तर २०० ग्लास लागतात. दुसरं म्हणजे बाहेरचा स्लश आपण बाहेर असतो म्हणून पितो. फिरायला गेलात, मुलांनी हात ओढला, घेतला. घरी मशीन आहे म्हणून त्या वेळी मुलं "घरी जाऊन पिऊ" म्हणतील का? माझ्या मते १२८ मधले निम्मे सुटले तरी खूप झालं. ६४ धरा, की वसुली तीन सीझनच्या पुढे गेली, आणि वॉरंटी अशा मशीनना बरेचदा एकच वर्ष असते.

पण खरी गंमत पुढे आहे, ही बहुतेक कोणी मोजत नाही. मशीन ओट्यावर आलं की पिणं वाढतं. समजा सीझनमध्ये १०० दिवस रोज चार ग्लास बनले, म्हणजे ४००. त्यातले ६४ बाहेरच्याच्या बदल्यात, त्यावर वाचले बाहेरच्या ५१ ग्लासांचे पैसे. उरलेले ३३६ तुम्ही एरवी पिलेच नसते, त्यांचा खर्च पाचव्या हिश्शानं ६७ ग्लासांइतका. म्हणजे मशीनची किंमत बाजूलाच राहू द्या, दर सीझनला १६ ग्लासांचं उलट नुकसान! दिवसाआड वापरलंत, म्हणजे २०० ग्लास, तर सीझनला कसेबसे २४ ग्लासांचे पैसे सुटतात आणि वसुलीला साडेसहा-सात सीझन. जितकं जास्त वापराल तितकी बचत कमी. "भरपूर वापरू, मग परवडेल" हे वाक्य या वस्तूला लागूच होत नाही, तेव्हा बायकोला किंवा नवऱ्याला पटवायला बचतीचं कारण देऊ नका. हौस म्हणा, हौसेला माझी ना नाहीये.

मशीनची तुलना बाहेरच्या ग्लासाशी का करताय हेही मला कळलं नाही. तुमच्याकडे मिक्सर आणि फ्रीजर आहेच की. रस किंवा गोड सरबत बर्फाच्या ट्रेमध्ये जमवायचं, ते क्यूब आणि थोडा गार रस भांड्यात घालून थांबत थांबत फिरवायचं, साध्या बर्फानं होतो तसा पाणचट होत नाही कारण वितळलं तरी सरबतच वितळतं. (मिक्सरच्या पात्याला बर्फ चालतो का ते माहितीपत्रकात बघून घ्या.) वेळ असेल तर पसरट डब्यात सरबत फ्रीजरला ठेवा, कडा धरायला लागल्या की काट्यानं खरवडा, मग दर अर्ध्या तासानं परत, दोन-तीन तासांत मस्त भुगा होतो. जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे मशीनचे पैसे तुम्ही गार सरबतासाठी देत नाही आहात, ते एकसारखा मऊ पोत आणि मिक्सर फिरवायचा ताप वाचतो त्यासाठी देताय. तेवढ्यासाठी १६० ग्लासांचे पैसे द्यायचे का, याचं उत्तर मी नाही देऊ शकत, तुम्हीच द्या.

तो पोत येतो कसा हे कळलं की पुढचे दोन खर्चही कळतात. कॉम्प्रेसर आतला नळकांड्यासारखा ड्रम गार करतो, त्यावर बर्फाचा पातळ थर धरतो आणि फिरणारा स्क्रू तो सतत खरवडून काढतो. पाण्यात साखर असली की सगळं पाणी एकदम गोठत नाही, बारीक कण गोठतात आणि उरलेला पाक त्यांना सुटे ठेवतो. साखर कमी पडली तर ड्रमवर दगडासारखा बर्फ बसतो, स्क्रू अडतो, मोटरवर ताण येतो. बरीच घरगुती मशीनं किमान ४ टक्के साखर मागतात, बाहेरचा स्लश साधारण १२ ते १५ टक्क्यांचा असतो. १३ टक्क्यांनी ३०० मिलीच्या ग्लासात ४० ग्रॅमच्या आसपास साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही अशी वरची साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, मुलांना त्याहून कमी. रोज चार ग्लासांचा हिशोब यासाठीही परत बघा. "मग शुगर-फ्री टाकू" म्हणाल तर कृत्रिम स्वीटनर चिमूटभरच लागतो, तेवढ्यानं गोठणबिंदू खाली येत नाही, परत तोच दगड. काही तयार शुगर-फ्री स्लश सिरपमध्ये म्हणून ग्लिसरॉल (साखरेऐवजी गोठणबिंदू खाली आणणारा गोडसर द्रव) असतं, आणि ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं २०२५ मध्ये ७ वर्षांखालच्या मुलांना ग्लिसरॉलवाला स्लश देऊच नका असं सांगितलंय. तुमचं धाकटं ५ वर्षांचं आहे, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय सिरप घेऊ नका.

विजेची भीती मात्र सोडा. २०० वॅटचं मशीन तासभर चाललं तर ०.२ युनिट, दिवसभर चालू ठेवलंत तरी दोनेक युनिटच्या वर जायला नको. खरा खर्च धुण्याचा आहे, म्हणजे पैशाचा नाही, वेळेचा आणि कटकटीचा. ड्रमवरचं भांडं, स्क्रू, नळ, रबराची रिंग, सगळं सुटं करून धुवायचं, दुधाचं काही केलंत तर लगेच, आणि हे रात्री कोण करणार ते आधीच ठरवा, नाहीतर ऑगस्टपासून मशीन माळ्यावर. शिवाय एकट्याला एक ग्लास हवा झाला तरी किमान अर्धा लिटर भरावं लागतं आणि अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं.

भाड्याचं म्हणाल तर विसरा. घरगुती मशीनमध्ये एका वेळी पावणेदोन-दोन लिटर मावतं, म्हणजे सहा ग्लास, आणि एका घाण्याला अर्धा ते एक तास. २५ मुलांच्या पार्टीत शेवटच्या मुलाला ग्लास मिळेपर्यंत केक संपलेला असेल. बाहेर दिसतात ती मोठी मशीनं वेगळीच असतात, एका टाकीत दहा-बारा लिटर. आणि धंद्याला वापरलंत तर घरगुती वॉरंटी बरेचदा बाद होते, मग बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठल्या भाड्यातून काढणार?

मग करायचं काय. आत्ता घेऊ नका. पहिले काही महिने हप्त्याइतकी रक्कम कार्डाच्या बाकीत टाका. त्याच वेळी महिनाभर मिक्सरवर स्लश करा आणि फ्रीजवर कागद लावून दोनच रकाने लिहा, घरी किती ग्लास झाले आणि बाहेरचे किती कमी झाले. दुसरा रकाना रिकामाच राहिला तर मशीन आल्यानंही तो भरणार नाही. कार्ड मिटलं, तरीही मन राहत नसेल, तर दर महिना हौसेच्या पाकिटात थोडं थोडं टाका आणि सीझन संपताना सेकंड-हँड शोधा, एकच उन्हाळा वापरून कंटाळलेली मंडळी तेव्हाच विकायला काढतात. विकणाऱ्याकडे जाताना अर्धा-पाऊण लिटर चांगलं गोड सरबत बरोबर न्या आणि समोर चालवून दाखवायला सांगा. तासाभरात घट्टसर स्लश झाला पाहिजे, पुढच्या रिंगेतून थेंब गळता कामा नये, आणि ती रिंग सुटी विकत मिळते का ते तिथेच फोनवर बघा. घरी उभंच आणा, आणल्यावर दोन तास तरी तसंच राहू द्या, मग चालू करा. आडवं टाकून आणलेलं लगेच लावलंत तर कॉम्प्रेसरचा धोका. आणि "चालू आहे हो, फक्त आत्ता दाखवता येणार नाही" असं कोणी म्हणालं तर सरबत तिथेच पिऊन परत या.